नोटेतली चिप आणि घरातला जाणकार

झाशीचा बडा बाजार हा जुन्या शहरातला, तटबंदीच्या आतला भाग. पेशव्यांचे सरदार नारोशंकर १७४२ साली झाशीस आले, पुढे नेवाळकरांचा अंमल सुरू झाला. त्या काळी येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या शहरात नांदत आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत इंग्रजी, अशा तीन भाषांतून त्यांचा दिवस सरतो. विज्ञान आणि नवनवी उपकरणे यांविषयी हिरिरीने बोलणारी तरुण मंडळी याही शहरात आहेत. त्यांच्या या आवडीचा घरातील इतरांना उपयोग किती होतो, हा खरा प्रश्न आहे.

नोव्हेंबर २०१६ मधील एक प्रसंग या संदर्भात आठवण्यासारखा आहे. चलनबदलानंतर दोन हजार रुपयांची नवी नोट आली आणि तिच्यामागोमाग एक वार्ताही देशभर पसरली. या नोटेत एक सूक्ष्म चिप बसवलेली आहे. नोट जमिनीखाली १२० मीटर खोल पुरली, तरी उपग्रहाला तिचा ठावठिकाणा कळतो, असे सांगितले जाऊ लागले. काही वृत्तवाहिन्यांनीही ती वार्ता गंभीरपणे ऐकवली. बँकांच्या दारात रांगा लागलेल्या असताना हा निरोप एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर धावत होता, आणि शिकलेली माणसेही त्यावर विश्वास ठेवत होती.

वास्तविक या वार्तेतील फोलपणा समजण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. दिशादर्शक उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ संकेत पाठवतात. ते कोणाला शोधत नाहीत. ते संकेत ग्रहण करून स्वतःची जागा ठरवण्याचे गणित आपल्या हातातील यंत्र करते, आणि त्यासाठी त्याला वीज लागते. ती जागा दुसऱ्याला कळवायची, तर प्रक्षेपक हवा आणि पुन्हा वीज हवी. कागदाच्या नोटेत बॅटरी कोठून येणार? शिवाय तळघरात गेल्यावर भ्रमणध्वनीवरील नकाशा अडखळतो, हा अनुभव अनेकांचा आहे. जे संकेत तळघरात नीट पोहोचत नाहीत, ते १२० मीटर मातीतून कसे जातील?

हे सर्व ज्यांना ठाऊक होते, असे तरुण गावोगाव होते. कोणत्या भ्रमणध्वनीचा प्रोसेसर वेगवान, कोणाची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची, यावर ते आंतरजालावर रात्र रात्र चर्चा करतात. त्यांची हौस खोटी नाही आणि त्यांचे ज्ञानही उथळ नाही. परंतु ही चर्चा बहुधा जाणकारांनी जाणकारांशी, अर्ध्या इंग्रजीत केलेली असते. शेजारच्या खोलीत आजी नोटेतल्या चिपची गोष्ट खरी मानून बसलेली असते; तिच्यापर्यंत त्यातले एक वाक्यही पोहोचत नाही.

मराठीत हे विषय मांडता येत नाहीत, ही सबब आता टिकण्यासारखी नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच कार्य करीत आली आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला आणि तो स्वयंसेवकांनीच लिहिला आहे. संगणकावर मराठी अक्षरांची आबाळ होते, अशी तक्रार एके काळी रास्त होती. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद संगणकाला कळला नाही, तर गुरूचा स्वयंपाकी होण्यास वेळ लागत नसे. आज युनिकोडमध्ये हा भेद दाखवता येतो, आणि 'ॲप' लिहिण्यासाठी लागणाऱ्या 'ॲ' या अक्षरालाही २००८ साली त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. पारिभाषिक शब्दांचाही बाऊ नको. बॅटरी, पासवर्ड, स्क्रीन हे शब्द खुशाल तसेच राहू द्यावेत. वाक्य मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेतले असावे.

हा केवळ भाषाभिमानाचा विषय नाही. नोटेतल्या चिपच्या अफवेने फार तर करमणूक झाली; परंतु त्याच अज्ञानाच्या वाटेने आज आयुष्याची पुंजी लुटली जाते. 'तुम्हाला पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका', असे सांगणाऱ्या भामट्याचे साधते, कारण समोरच्याला एक साधी गोष्ट कोणी सांगितलेली नसते: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून उतरवून घेतलेले ॲप आपली स्क्रीन त्याला दाखवू शकते, हेही घरातील तंत्रप्रेमी नातवाला पक्के ठाऊक असते. आजोबांना ते कळते, ते बहुधा खाते रिकामे झाल्यावर. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, हेही तेव्हाच कानावर पडते, आणि तोवर मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. बँका सूचनाफलक लावतात, संदेश पाठवतात. पण फलकावरील दहा ओळींपेक्षा नातवाने शेजारी बसून, स्वतःच्या हाताने दाखवलेली एक गोष्ट अधिक काळ लक्षात राहते.

झाशीच्याच इतिहासात याचा एक दाखला आहे. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौजा शहरात शिरल्या, तेव्हा विष्णुभट गोडसे तेथे होते. राजवाड्यातील समृद्ध ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली, हे त्यांनी 'माझा प्रवास' या ग्रंथात नोंदवले आहे. त्या हस्तलिखितांच्या काळी ज्या पोथ्यांच्या प्रती इतरांनी उतरवून घेतल्या, त्या मूळ प्रत नष्ट झाली तरी टिकल्या. ज्यांच्या प्रती निघाल्या नाहीत, त्या कायमच्या गेल्या. ज्ञान कुलुपात सुरक्षित राहत नाही, ते वाटल्याने राहते.

आजच्या तंत्रप्रेमी तरुणाला प्रती उतरवण्यासाठी बोरू आणि शाई लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातील वडीलधाऱ्यांसाठी ठेवली, तरी पुष्कळ आहे. त्यांच्याकडे आलेला एखादा निरोप त्यांच्यासमवेत वाचावा, तो खरा का खोटा हे कसे ओळखले ते सांगावे, आणि त्यांनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी कंटाळू नये. वडीलधाऱ्यांनीही विचारण्यात संकोच मानू नये. बचत म्हणजे केवळ पैसे साठवणे नव्हे. साठवलेले राखणेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि त्या राखणीत घरातील जाणकाराचा वाटा बँकेच्या तिजोरीहून कमी नाही.