कोयत्याचा मालक कोण?

दसरा-दिवाळी सरते न सरते तोच बीड, जालना, परभणीच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक निघू लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची मोजदाद येथे अवजारावरून होते. शिरोळपासून कागलपर्यंत पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि चार-पाच महिने कोल्हापूरच्या साखरेचा सारा डोलारा त्यांच्यावर तोललेला असतो.

या कष्टकऱ्यास कायद्याचे संरक्षण किती? १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. ठेकेदारास परवाना, कामगारास पासबुक, प्रवासभत्ता, विस्थापनभत्ता, आणि ठेकेदाराने वेतन बुडविल्यास मूळ मालकावर जबाबदारी. तरतुदी उत्तम होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. विस्थापनभत्ता तीत उरला नाही. एक अट मात्र कायम राहिली: कामगार परराज्यातून आलेला असला पाहिजे. म्हणजे बीडची टोळी कागल ओलांडून निपाणीकडे गेली तर तिच्यातील माणसे स्थलांतरित. तीच टोळी अलीकडे कागलच्या शिवारात थांबली तर नाहीत. घर तीनशेहून अधिक किलोमीटर मागे राहिले, मुलांची शाळा सुटली, तरी कायद्याच्या लेखी हा माणूस आपल्या घरीच आहे!

कारखानदारांचे उत्तर ठरलेले असते: करार वाहनमालकाशी, वाहनमालकाचा मुकादमाशी, तोडणी कामगार आमचा नव्हेच. मग जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ कोणी मान्य केली? कामगार संघटनांशी वाटाघाटी करावयास राज्य साखर संघच बसला होता. दर ठरविताना मालक, तोडणीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापताना मालक, आणि उसाच्या गाडीखाली एखादा मजूर सापडला की मात्र त्रयस्थ, हा कोणता न्याय?

मुळाशी आहे ती उचल. हंगामापूर्वी घेतलेली रक्कम कामातून फिटावयाची. आजारपणाच्या दिवसाचाही 'खाडा' लागतो आणि शिल्लक पुढल्या वर्षाच्या माथी बसते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले. ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी वेठ बंद केली, तेथे हा व्यवहार साखरेच्या पोत्याआड सुखेनैव चालावा? काम बुडू नये म्हणून स्त्रिया काय सोसतात, हे बीड जिल्ह्याने दाखविले. २०१९ मधील शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. या आकड्याने एखाद्या तरी कारखान्याचे गाळप एक दिवस थांबावयास हवे होते.

दुसरी बाजूही खरी आहे. लाखो रुपयांची उचल घेऊन मुकादम पसार झाल्याने कर्जबाजारी झालेले वाहनमालक कोल्हापूर-सांगलीत गावोगाव भेटतात; ऊस वाळू नये म्हणून शेतकऱ्याला 'खुशाली' मोजावी लागते, ती निराळीच. पण हा सर्व व्यवहार नोंदीवाचून, तोंडी विश्वासावर चालतो म्हणूनच मुकादमास दोन्हीकडून खाता येते. कामगाराची नोंद झाली असती, तर फसलेल्या वाहनमालकासही दाद मागता आली असती.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ स्थापन झाले, त्यासाठी कारखान्यांवर टनामागे दहा रुपये आकारणी बसली, वसतिगृहे निघाली. हे स्वागतार्हच, परंतु महामंडळ मदत देते, मालकास बांधून घेत नाही. त्यासाठी कायदाच हवा, आणि त्याकरिता दिल्लीकडे डोळे लावण्याचे कारण नाही. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. हमालाला कायम मालक नसतो, ही सबब महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने निकाली काढली. मंडळाकडे मालकाचीही नोंद, कामगाराचीही नोंद, आणि मजुरी मंडळामार्फत. तीच रीत ऊसतोडीस लावावी. टोळी गावातून निघण्यापूर्वी प्रत्येक स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद व्हावी, उचल बँक खात्यावर जमा व्हावी, अपघाताचे दायित्व कारखान्यावर असावे.

समरसतेच्या व्याख्यानांना गर्दी करणाऱ्या कोल्हापूरकर कुटुंबांतील अनेकजण सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत ऊसदरावरून खुर्च्या आदळतात. आपल्या कारखान्याच्या शिवारात यंदा किती कोयते आले आणि त्यांतील किती स्त्रियांच्या हाती स्वतःच्या नावाने मजुरी पडली, हा लेखी प्रश्न त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याची मागणी त्यांनी पुढील हंगामापूर्वी करावी.