डॉक्टरला आपली बोली कोण शिकवणार?

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत अर्धा दिवस बसलं की एक गोष्ट ध्यानात येते. आपली माणसं रोग सांगत नाहीत, हाल सांगतात. "जीव घाबरतो", "अंगात कणकण आहे", "पोटात गोळा उठतो". बाईमाणूस असेल तर "अंगावरून जातं" एवढंच, तेही मान खाली घालून. समोरचा डॉक्टर पोरगा हुशार असतो, पण तो रोग शिकलेला असतो इंग्रजी पुस्तकातून. सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या शंभरातल्या १५ जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यापुढच्या एम.डी., एम.एस.च्या तर निम्म्या. म्हणजे आपल्या आईचं गाऱ्हाणं ऐकणारा डॉक्टर केरळचा असेल, राजस्थानचा असेल. त्यात त्याचा दोष नाही. पण "गोळा उठतो" ऐकून त्यानं पोटात गाठ चाचपायला घेतली, तर नवल काय?

बरं, भाषा आली म्हणजे सगळं आलं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी आदिवासींनाच विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोकांनी जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात पांढऱ्या कपड्यात मढं गुंडाळतात. मग त्यांच्याकडे जिवंत माणसानं जायचं कसं? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाईकांना जवळ राहू देत नाहीत. मग शोधग्रामचा दवाखाना खेड्यासारखा, झोपड्यांचा बांधला गेला. लोकांच्याच सांगण्यावरून त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. नाव देवीचं का, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. पण ज्याच्यासाठी दवाखाना, त्याला तो आपला वाटला पाहिजे, हा मुद्दा आहे.

तिथल्याच दोन गावांतल्या बायांची तपासणी करून राणीताईंनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी तपासणी झालेल्या बाया मात्र अगदी थोड्या. दुखणं होतं, सांगायला माणूस नव्हता.

श्रीमंत देशात तरी वेगळं आहे का? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावात, लाओसहून निर्वासित म्हणून आलेल्या हमोंग कुटुंबातल्या एका लहान मुलीला फेफरं यायचं. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे तिचा आत्मा शरीर सोडून गेला होता. डॉक्टर औषधं आणि त्यांचं प्रमाण सारखं बदलत. आईबापांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते औषध नीट देत नाहीत म्हणून सरकारनं काही काळ पोर घरातून काढून दुसऱ्यांकडे ठेवली. १९८६ साली ती मुलगी कायमची बेशुद्ध झाली. डॉक्टर मेहनती होते, आईबाप जीव टाकणारे होते. ॲन फॅडिमन या लेखिकेनं १९९७ मध्ये ही हकीकत पुस्तकात मांडली आणि ती आता कित्येक मेडिकल कॉलेजांत वाचायला देतात. आर्थर क्लाइनमन या डॉक्टरनं तर १९७८ सालीच रोग्याला विचारायचे साधे प्रश्न सांगून ठेवले होते: तुमच्या मते हे दुखणं कशानं झालं? तुम्हाला यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? हे प्रश्न विचारायला मशीन लागत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वागणूक, नीती आणि संवाद हा विषय आला आहे. सुरुवातीच्या दिवसांत स्थानिक भाषेचीही ओळख करून देतात. चांगली गोष्ट आहे. पण वॉर्डात मोठे डॉक्टरच रोग्याच्या अंगावर खेकसत असतील, तर पोरं वर्गातलं धरतील की वॉर्डातलं?

आणखी एक धोका आहे. संस्कृती शिकवायची म्हणून अमुक समाजाची माणसं अशी, तमुक अशी, अशी यादी पाठ करून घेतली तर ते जुनंच झालं. केसपेपरवरचं आडनाव वाचून आवाज बदलताना आम्ही ऐकलेला आहे. त्याला आणखी पुस्तकाचा आधार नको. मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९९८ मध्ये हेच मांडलं. दुसऱ्याची संस्कृती मला पूर्ण कळली, असं डॉक्टरनं समजू नये. नम्रपणे विचारावं, आणि आपल्या हातात सत्ता आहे हे विसरू नये.

आणि दुभाषा कोण? आपल्याकडे चौथीतली पोर आईच्या पाळीबद्दल डॉक्टरला हिंदीत सांगत असते. आई अर्धं लपवते, पोर उरलेल्यातलं अर्धं विसरते. अमेरिकेत २०१६ च्या नियमानं तातडीची वेळ सोडून लहान मुलांना दुभाषा करायला मनाई झाली. आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली आज नर्सिंगला आहेत. त्यांना घरची बोलीही येते आणि वॉर्डातली भाषाही. शिकवणाऱ्यांनी त्यांनाच उभं करून विचारावं, तुझी आजी चक्कर येते हे कसं सांगते? म्हणजे बाकीचा वर्ग शिकेल. त्या पोरींना मात्र बोली बोलायची लाज वाटायला लावतात, हे आम्हाला खटकतं.

विद्यार्थ्यांना शिकवायची एक युक्ती फार सोपी आहे. "समजलं का?" असं विचारू नका, कारण त्याला आपली माणसं "हो साहेब"च म्हणणार. "घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल, ते मला सांगा," असं म्हणा. आणि डॉक्टर नाही म्हणाला, तर गोळ्यांची पट्टी हातात धरून आपणच म्हणायचं: "साहेब, मी सांगते, चुकलं तर सांगा. ही सकाळी जेवणाआधी, ही रात्री..." मागं रांग असली तरी.