परदेशगमनाचे नियम आणि दलालाचें राज्य

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळें, महाड या बाजूच्या कितीएक घरांची चूल आखाती देशांतून येणाऱ्या पैशांवर पेटते, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ज्या महिन्यांत तिकडील रक्कम येत नाहीं, त्या महिन्यांत इकडील दुकानदाराची उधारी थकते. असें असतां, ज्या नियमांच्या आधारें हे तरुण सीमा ओलांडतात, त्या नियमांविषयीं आमच्या गांवांत जी अनास्था आहे ती खरोखर लाजिरवाणी होय. भाताचा भाव रोज विचारणारा गृहस्थ मुलाच्या पासपोर्टावर काय लिहिलें आहे हें मात्र कधीं विचारीत नाहीं. तें एजंटास ठाऊक, एवढें म्हणून तो स्वस्थ बसतो.

ही स्वस्थता महाग पडते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याअन्वयें, मुख्यत्वें दहावी उत्तीर्ण न झालेल्या मनुष्याच्या पासपोर्टास ई. सी. आर. हा शेरा लागतो. अशा मनुष्यास सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान इत्यादि १८ देशांत नोकरीसाठीं जावयाचें झाल्यास उत्प्रवासी-संरक्षक अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. लोकांस ही केवळ आडकाठी वाटते. परंतु या आडकाठीच्या आंतच त्याचें संरक्षण आहे. मालकाची नोंद होते, पगाराचा करार कागदावर येतो, आणि २७५ रुपयांत दोन वर्षांचा १० लाखांचा विमा उतरतो. माणसें पाठविणाऱ्या एजंटाजवळ केंद्र सरकारचा परवाना असावाच लागतो, आणि त्याच्या मेहनतान्याची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर, एवढीच ठरलेली आहे. आमच्या वाचकांनीं आपल्या ओळखीच्या चार घरीं किती रक्कम दिली तें विचारून पाहावें, म्हणजे मर्यादा आणि व्यवहार यांतील अंतर कळून येईल.

दलालाची खरी युक्ति निराळीच आहे. तो म्हणतो, परवानगीच्या भानगडींत कशास पडतां? व्हिजिट व्हिसावर जा, काम तेथें मिळेल. पाहुणा म्हणून गेलेल्यास ही तपासणी नाहीं, हें खरें. पण म्हणूनच त्यास करार नाहीं, विमा नाहीं, आणि पगार बुडाल्यास तिकडील अधिकाऱ्यापुढें उभें राहण्यास तोंडही नाहीं. राजमार्ग सोडून खिंडारांतून नेणारा मनुष्य वाटाड्या नव्हे, हें ओळखावयास फारसें शिक्षण लागत नाहीं; फक्त नियम ठाऊक असावा लागतो.

शिवाय नियम एकदां जाणून भागत नाहीं. ते बदलत असतात. सौदी सरकारनें जुलै २०१७ पासून परदेशी नोकरांच्या कुटुंबांतील प्रत्येक माणसामागें दरमहा १०० रियाल कर बसविला, आणि २०२० पर्यंत तो ४०० रियालांवर नेला. बायकोमुलें तिकडे ठेवणाऱ्यांचा सारा हिशेब त्यानें उलटला. उलटपक्षीं, कतारनें २०२० सालीं जुन्या मालकाच्या संमतीवांचून नोकरी बदलण्याची मोकळीक दिली. संयुक्त अरब अमिरातींनीं सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळांत मुदत उलटून राहिलेल्यांस दंडावांचून सुटण्याची सवड दिली. नियम जाचक असो वा उपकारक, अजाण मनुष्यास दोन्ही सारखेच: एक त्यास अकस्मात् गांठतो, दुसरा त्याच्या हातून निसटतो.

कोणी म्हणेल, हें सांगणें सरकारचें काम. सरकार निर्दोष आहे असें आम्हीही म्हणत नाहीं. ही माहिती तहसील कचेरींत मराठींत आणि उर्दूंत लावणें कांहीं अवघड नाहीं. परंतु सरकारची वाट पाहत बसणें हा दलालाच्याच फायद्याचा धंदा होय. गांवच्या वाचनालयानें, ग्रामपंचायतीनें व जमातीनें एकेक फळा या कामीं लावावा, आणि सुशिक्षित तरुणानें दर महिन्यास त्यावर नवे नियम लिहावे. प्रवासासाठीं कर्ज देणाऱ्या व्यापाऱ्यानें पैसे मोजण्यापूर्वीं एजंटाचा परवाना क्रमांक मागावा व सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तो पडताळावा. यांत त्याच्याच मुद्दलाचें रक्षण आहे. आणि आठवी-नववींतून मुलगा काढून घेणाऱ्या बापास शिक्षकानें स्पष्ट सांगावें, कीं दहावीच्या दाखल्यानें पासपोर्टाचा शेराच बदलतो. मात्र हेंही सांगावें कीं तपासणी सुटली म्हणजे तिच्यासंगें येणारें संरक्षणही सुटतें. तेव्हां करार वाचण्याची जबाबदारी दुप्पट होते.

ऑक्टोबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें १९८३ च्या कायद्याऐवजीं नवा कायदा करण्याचा मसुदा सूचनांसाठीं लोकांपुढें ठेविला. ज्या किनाऱ्याचा संसार या कायद्यावर चालतो, तेथील किती सभांत तो वाचला गेला? मुलगा विमानांत बसला कीं नवस फेडण्याची आमची रीत चांगलीच आहे. पण तो बसण्यापूर्वीं त्याचे कागद वाचण्याची रीत जोंवर पडत नाहीं, तोंवर दलालाचें राज्य कोणताही कायदा मोडूं शकणार नाहीं.