व्हिस्की : किंमत नको, चव सांगा

वाचकहो, आपल्या घरांतली रीत तुम्हाला ठाऊक आहे. भारतातून पाहुणे आले की ठेवणीतली बाटली निघते. ती कितीला पडली, किती वर्षांची, हे कौतुकानं सांगितलं जातं. चवीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं असं, की व्हिस्कीची वर्गवारी चवीवरून करावी, आणि आपण ती मराठीत करावी.

आयरिश कायद्यानं व्हिस्कीचे चार प्रकार ठरवले आहेत : मॉल्ट, पॉट स्टिल, ग्रेन आणि ब्लेंडेड. पण ती कशी बनवली एवढंच त्यातून कळतं. बुशमिल्सची दहा वर्षांची आणि कॉनेमारा, दोन्ही सिंगल मॉल्टच. पहिली मधाळ, दुसरी पीटच्या धुरानं भरलेली. कॉनेमाराची चवीनं जवळची बहीण शोधायची तर गोव्याच्या पॉल जॉन 'बोल्ड'पर्यंत जावं लागेल!

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून डेव्हिड विशार्ट यांचं काम मला विशेष भावतं. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या या संख्याशास्त्रज्ञानं २००२ च्या पुस्तकात ८६ स्कॉच मॉल्टना बारा चवींसाठी शून्य ते चार गुण दिले आणि त्यांचे दहा गट पाडले. प्रदेश आणि किंमत बाजूला, फक्त जीभ आणि नाक.

आपल्याला चार गट पुरेत. हलकी : सफरचंद, मध. मसालेदार : ग्रीन स्पॉटसारखी पॉट स्टिल. मॉल्टवरच्या जुन्या करामुळे आयरिश लोक मोड न आणलेलं बार्लीही वापरू लागले. त्यातून आली मिरी-सुंठेची चुणूक आणि तुपाळ स्निग्धपणा. सुकामेव्याची : शेरीच्या पिंपात मुरलेली, मनुका, अंजीर, खजूर. आणि धुरकट : चुलीवर भाजलेल्या वांग्याची आठवण देणारी. तुरट, खमंग, उग्र, सौम्य हे शब्द आपल्याकडे आहेतच.

कुणी म्हणेल, दिवाळी अंकात हा विषय कशाला? कारण इथे वाढलेली आपली मुलं अठराव्या वर्षी पबमध्ये जाणारच. घरातून त्यांना या बाबतीत काय मिळतं? एक तर कुजबुज, नाही तर किमतीची बढाई. चवीची जाण व्यसनापासून वाचवते असा दावा मी करणार नाही. व्यसनाचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण चव शोधणारा माणूस सावकाश पितो, त्याला पबचं साडेपस्तीस मिलिलिटरचं माप पुरतं. शिवाय ज्या गोष्टीबद्दल घरात मोकळेपणानं बोलता येतं, ती लपवावी लागत नाही.

तेव्हा या दिवाळीत बाटली उघडलीच, तर किंमत सांगू नका. पेला फिरवा आणि विचारा, "कशासारखा वास येतोय?" न पिणाऱ्यांनाही विचारा. वास घ्यायला प्यावं लागत नाही, आणि आपल्या आज्या-मावश्यांची नाकं या कामात भल्याभल्यांना हरवतील.