दोन नटांची गोष्ट



यावेळचा विषय जरा तेलकट आहे. हात धुवायला साबण जवळ ठेवा.

आमच्याकडे २००६ साली घेतलेली एक स्प्लेंडर आहे. वडील भेलमधून फिटर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांनी ती घेतली. पिपलानीपासून न्यू मार्केटपर्यंत त्यांची सगळी कामं तिच्यावरच व्हायची. आता ते ऐंशीला आले आहेत, हात थरथरतो. वर्षभरापूर्वी आम्ही किल्ली काढून घेतली, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. गाडी आता माझ्या लेकीकडे जायची होती, तिला मॅनिटला जायला यायला.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचं पहिलं नूतनीकरण २०२१ साली झालं, आता दुसरं. त्यासाठी अर्ज नंबर २५ भरायचा, आरटीओत गाडी दाखवायची. पण त्याआधी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणं आलं. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते, आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना नंतर बसवून घ्यावी लागते. ऑनलाइन पैसे भरले, तारीख मिळाली, गाडी घेऊन केंद्रावर गेलो.

पुढची पाटी दोन मिनिटांत निघाली. मागची निघेना.

मागची पाटी टेललाइटच्या खाली असते. बोल्टचं डोकं बाहेरून दिसतं, पण नट असतो पाटीच्या मागे, पट्टी आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत. तिथे रिंग पाना जात नाही, टी-पान्याचा तर प्रश्नच नाही. मुलाने बाहेरून बोल्ट फिरवला. बोल्ट मजेत गोल गोल फिरत राहिला, कारण आतला नटही त्याच्याबरोबर फिरत होता. मग त्याने पकड घातली. ती दोनदा घसरली आणि नटाचे कोपरे झिजायला लागले.

"अंकल, ये नहीं खुलेगा, काटना पड़ेगा," असं म्हणून त्याने ग्राइंडर उचलला.

शेजारी प्लास्टिकचा टेललाइट, मागून जाणारी वायर आणि वर वडिलांचा चेहरा आठवला. म्हटलं, उद्या येतो.

घरी आलो तर वडील अंगणातच बसले होते. पाटी जागेवरच बघून हसले. वर्षभरात पहिल्यांदा या गाडीवरून हसले असतील.

"निघाली नाही ना? निघणार नाही. डबल नट आहे तिथे."

मग कहाणी कळली. आधीच्या स्कूटरची मागची पाटी एकदा सीहोरच्या रस्त्यावर हादऱ्यांनी गळून पडली होती. पोलीस ठाण्यात तक्रार, आरटीओच्या चकरा, नवी पाटी, यात त्यांच्या तीन सुट्ट्या गेल्या. तेव्हापासून पाटी बसवताना ते एका नटावर दुसरा नट आवळत. दोन नट एकमेकांवर घट्ट बसले की हादऱ्यांनी सैल होत नाहीत. कारखान्यात याला जाम नट म्हणतात. एवढी वर्षं मी ती गाडी पुसली, चालवली, पण हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"अहो, पण तिथे हात कसा घातला तुम्ही?"

ते आत गेले आणि कापडाच्या पिशवीतून एक पाना घेऊन आले. दहा नंबरचाच, पण घासून घासून निम्म्या जाडीचा केलेला. आतला नट या पातळ पान्याने धरायचा आणि बाहेरचा साध्या पान्याने सोडवायचा. दोन जाड पाने त्या फटीत मावतच नाहीत, म्हणून हा मुद्दाम बनवलेला.

रात्री आम्ही नटांवर थोडं इंजिन ऑइल मिसळलेलं रॉकेल सोडलं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे जाम होतात. तेल आत झिरपायला वेळ द्यावा लागतो. सकाळी पाना वडिलांनी स्वतःच हातात घेतला. तो नटापर्यंत पोचला, पण त्यावर बसेना. टोक नुसतं टकटक वाजत राहिलं. त्यांनी काही न बोलता पाना माझ्याकडे दिला. माझी बोटं त्या फटीत शिरेनात.

"इकडे द्या," लेक म्हणाली आणि जमिनीवर मांडी घालून बसली.

तिचा हात बरोबर आत गेला. पण आतलं काही दिसत नव्हतं. वडील खुर्ची ओढून जवळ बसले आणि डोळे मिटून सांगू लागले.

"पहिला नट लागला बोटाला? त्याच्या वरचा सोडवायचाय. आधी किंचित आवळ."

"आजोबा, सोडवायचाय ना?"

"आधी आवळ. गंजाची पकड सुटते. मग उलटा फिरव."

कट्‍ असा आवाज झाला. लेक ओरडली, "हलला!"

पुढे त्यांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली. उघड्या तोंडाच्या पान्याचं तोंड किंचित तिरकं असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी पाना पालथा करून लावला की थोडक्या जागेतही नट पुढे सरकत राहतो. बाहेरचा नट असा निघाला. मग तिने आतला धरून ठेवला आणि मी बाहेरून बोल्ट फिरवला. दुसऱ्या बोल्टच्या वेळी वडिलांना काही सांगावं लागलं नाही. दोन बोल्ट, चार नट, सव्वा तास.

पाटीशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून जुनीच पाटी नव्या बोल्टवर, एकेका नटाने तात्पुरती अडकवली. या वेळी वडीलही केंद्रावर आले. नवी ॲल्युमिनियमची पाटी त्यांनी चष्मा वर करून तपासली. अशोकचक्राचा होलोग्राम, खाली निळ्या रंगात आयएनडी, डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला नंबर. मुलाने स्नॅप लॉक दाबून बसवलं.

"हे उघडतात कसं?" वडिलांनी विचारलं.

"खुलता नहीं दादाजी, तोड़ना ही पड़ता है."

ते बरोबरच आहे. चोराने पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावू नये म्हणूनच ती सोय आहे. वडिलांनी मान डोलावली. "काम चांगलं आहे," म्हणाले, "पण यात कुणाला काही विचारायला नको."

घरी परतल्यावर त्यांनी पहिली चौकशी जुन्या पाटीची नाही, नटांची केली. चारही नट रॉकेलमध्ये धुऊन डब्यात ठेवले. पातळ पाना मात्र डब्यात गेला नाही. तो त्यांनी लेकीच्या हातात दिला आणि गाडीच्या किल्लीकडे बोट दाखवून म्हणाले, "हेल्मेट घालून जा."

तरुण मंडळी, तुमच्याही घरात असे नट असतील. आजीने मिटवलेला जुना व्यवहार असेल, आजोबांनी केलेली वायरिंग असेल, नाहीतर एखादी गाठ, जी का मारली ते कुणालाच आठवत नाही. ग्राइंडर कुठेही मिळतो. बांधणारा माणूस समोर बसलेला आहे तोवर त्याला विचारून घ्या. आम्हाला एका रात्रीचा उशीर झाला, पण काही कापावं लागलं नाही.

आणि हो, नोंदणीची मुदत आजच बघून ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. गंजलेला नट शेवटच्या दिवशी घाई ऐकत नाही.