लग्नानंतरचे सुवर्ण

जपानची ज्युदोपटू रिओको तानी हिने ४८ किलो गटात १९९२ ते २००८ अशा सलग पाच ऑलिंपिकमध्ये पदके मिळवली; २००० व २००४ मध्ये सुवर्ण. पण आम्हांस मोठे वाटते ते २००७ चे. २००३ मध्ये लग्न, २००५ च्या अखेरीस मुलगा. आपल्याकडे खेळ इथेच संपला असता! बाई मात्र पुन्हा मॅटवर उतरल्या आणि सातव्यांदा जगज्जेत्या झाल्या. २०१० मध्ये जपानच्या संसदेतही निवडून आल्या, ते वेगळे.

आपण गणेशोत्सवात मुलींना ढाली देतो आणि स्थळ सांगून आले की सराव बंद करतो. मंडळाच्या क्रीडा शिष्यवृत्तीसाठी विवाहित मुलींचेही अर्ज घ्यावेत, हा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे.