धाड पडली, पण तलफ?

बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाची वाट धरतात. त्याआधी मुकादमाकडून उचल हाती पडते. नवरा-बायकोच्या जोडीची, म्हणजे एका कोयत्याची, ही आगाऊ मजुरी. ती तिरटच्या डावात किंवा मोबाइलवरच्या रमीत गेली, तर फेड दोघांनाही उसाच्या फडात घाम गाळूनच करावी लागते. खेळलेला मात्र एकटाच असतो.

कायदा आहे. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली आजही धाडी पडतात, पत्ते आणि रोकड जप्त होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही मंजूर केला.

पण धाडीने तलफ जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाची नोंद आजारांच्या यादीत केली आहे. हरलेले वसूल करायला पुन्हा खेळणे, घरच्यांपासून कर्ज लपवणे, ठरवूनही थांबता न येणे, ही धोक्याची लक्षणे. अशा वेळी घरच्यांनी नुसते कर्ज फेडून मोकळे होऊ नये. पैशांचे व्यवहार काही काळ आपल्या हाती घ्यावेत आणि खेळणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, तोही मराठीत. प्रत्यक्ष उपचारांसाठी जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उचल वाटपाच्या दिवसांत 14416 हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवा. जुगाराचा गुन्हा नोंदवताना पोलिसांनीही तो त्या माणसाच्या हाती द्यायला हवा.